गव्यांचा चातुर्मास

नोव्हायच्या रवींद्र खांबेट्यांइतका चातुर्मासाचा कैवारी अख्ख्या मिशिगनात दुसरा नव्हता. आषाढ ते कार्तिक या चार महिन्यांत कुणी मुंज काढली, वास्तुशांत काढली, की यांचा फोन गेलाच: "अहो, देव झोपलेत. जरा थांबा की." आणि हे सांगणारा गृहस्थ भर नवरात्रातल्या शनिवारी कुठे असे? स्टेडियमच्या पार्किंगमध्ये, गाडीचं मागचं दार उघडं टाकून, डुकराचं सॉसेज खात.

कारण सरळ होतं. तिकडचा कॉलेज फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेर संपतो. मॅच शनिवारी, आणि तिकडच्या मराठी माणसाचं शुभकार्यही शनिवारीच. म्हणजे पंचांगासारखा दुसरा सोयरा नाही. देव झोपेतून उठून तुळशीचं लग्न लागेपर्यंत इकडे हंगाम उरकत आलेला असायचा.

त्यांच्या गल्लीतल्या पद्मजाचं ऐका. नवं घर बिचारीच्या ताब्यात ऑक्टोबरात आलं. यांनी तिला असं काही घाबरवलं, की तिने दोन महिने ते कुलपात ठेवलं आणि तीन पोरं घेऊन दोन खोल्यांत काढले दिवस. डिसेंबरात वास्तुशांत झाली तेव्हा पहिल्या पंगतीत बसलेले कोण? खांबेटेच. जिलबी तिसऱ्यांदा मागून घेतली.

बरं, ज्याच्यासाठी देवांना झोपवून ठेवलं तो संघ तरी कसला? ब्रायर क्रीक कॉलेजचे बायसन्स. बायसन म्हणजे आपला गवा. ज्याने रानात खरा गवा पाहिलाय तो यांना शेळ्यासुद्धा म्हणणार नाही. अकरांपैकी तीन मॅच जिंकल्या की कॉलेजात त्या वर्षाला सुगी म्हणत. पण खांबेट्यांनी १९८० पासून घरच्या मैदानावरची एकही मॅच चुकवली नव्हती. सत्तावीस वर्षं. बायकोचं, आसावरीबाईंचं, अपेंडिक्स काढलं त्या शनिवारीही हे "आलोच" म्हणून गेले, आणि बाई शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांना तब्येत विचारायच्या आधी स्कोअर सांगितला. स्वतः मात्र जन्मात त्या लांबट चेंडूला हात लावला नव्हता. तीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकची डिझाइनं केली, आणि शनिवारी गळा फाटेस्तोवर "पळ, पळ" म्हणून ओरडले.

२००७ साली त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, रुचाचं, लग्न ठरलं. मुलगा शंतनू, टेक्सासातल्या फ्रिस्कोत सॉफ्टवेअरमध्ये, मूळ घर नागपूरचं. तारीख काढायचं काम खांबेट्यांनी कुणाला करू दिलं नाही. फ्रिजवर चिकटवलेलं गव्यांचं वेळापत्रक एका हाताशी आणि दाते पंचांग दुसऱ्या हाताशी. शेवटची मॅच चोवीस नोव्हेंबरला, मग पुढचा शनिवार एक डिसेंबर. अरुण गुरुजींनी अकरा अडतीसचा मुहूर्त दिला. हॉल ठरला, नागपूरची मंडळी विमानाची तिकिटं काढून बसली. सत्तावीस वर्षांत गवे डिसेंबरात कधी चरायला बाहेर पडले नव्हते, तेव्हा धोका कुठेच नव्हता.

आणि नेमके त्याच वर्षी गवे जिंकायला लागले. पहिली मॅच शिरस्त्याप्रमाणे हरले. मग एक जिंकली, मग दुसरी. ऑक्टोबरात सलग चार. खांबेटे जमिनीवरून चालेनासे झाले. मंडळाच्या कोजागिरीला दुधाचा पेला हातात धरून त्यांनी लोकांना गव्यांचे डावपेच समजावून सांगितले. दूध थंड झालं, लोक पांगले, तरी यांचं चालूच.

चोवीस तारखेला शेवटच्या मिनिटात गव्यांनी मॅच काढली. वीस हजार लोक उभे राहून नाचत होते, खांबेटेही नाचत होते. तेवढ्यात माइकवरून जाहीर झालं: गटात बायसन्स पहिले, त्यामुळे पहिल्या दोन संघांची अंतिम मॅच याच मैदानावर, पुढच्या शनिवारी, दुपारी एक वाजता.

त्या अख्ख्या स्टेडियममध्ये मटकन खाली बसलेला माणूस एकच होता.

घरी येऊन बूटही न काढता त्यांनी गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, जरा अलीकडचा मुहूर्त बघा की. सकाळी आठचा वगैरे."

"का हो? विमान आहे का कुणाचं?"

"नाही. एक काम आलंय."

"खांबेटेसाहेब," गुरुजी म्हणाले, "टीव्ही माझ्याही घरात आहे. तुमचं काम मी आत्ताच जिंकताना पाहिलं. गेली वीस वर्षं माझी निम्मी गिऱ्हाइकं तुम्ही चातुर्मास सांगून परत पाठवलीत. मुहूर्त अकरा अडतीसचाच आहे."

मग खांबेट्यांनी गणित मांडलं. अकरा अडतीसला अक्षता. बाराला कन्यादान आटपायचं. चाळीस मिनिटांत स्टेडियम. पाचच्या रिसेप्शनला परत. मधल्या जेवणात बाप दिसला नाही तर कोण बघतंय? मंगळवारी रुचा घरी आली तेव्हा हे त्यांनी तिला मोठ्या हुशारीने कागदावर काढून दाखवलं.

तिने कागद पाहिला. "बाबा, यू शुड गो. आय मीन इट."

"मग? कन्यादान करूनच जातोय मी."

"कन्यादान विष्णूमामा आणि मामी करणार आहेत. मी विचारलंय त्यांना."

"विष्णू? त्याला साधं आचमन येत नाही."

"त्याला कुठे जायचं नाहीये," रुचा म्हणाली. "तू माझा हात धरून घड्याळ बघशील. मला ते नकोय. थांबणार असशील तर पूर्ण थांब. गुरुवारपर्यंत सांग."

एरवी भांडायचं झालं की ही मुलगी इंग्रजीत शिरायची. यावेळी पहिली दोन वाक्यं सोडली तर बोलली ती मराठीतच, आवाजसुद्धा न चढवता. खांबेट्यांनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" आसावरीबाई भाजी निवडत म्हणाल्या. "तिने मला विचारलं असतं तर मी विष्णूला आधीच सांगून ठेवलं असतं."

आता कुणालाही वाटेल, बाप आहे, पटकन हो म्हणेल. छे. दोन दिवस हा मनुष्य घरात हिंडला, तिकीट पाकिटातून काढून बघितलं, परत ठेवलं, गॅरेजमध्ये जाऊन उगाच उभा राहिला. गुरुवारी रात्रीच्या जेवणाला त्याने मूत्रपिंड दान करणाऱ्याच्या आवाजात सांगितलं, "मी थांबतो."

"विष्णूला फोन करा मग," आसावरीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पानात आमटी वाढली.

लग्नाच्या दिवशी बाहेर बर्फ पडत होतं आणि हॉलच्या दारात खांबेटे प्रत्येक पाहुण्याला गुलाबपाण्याबरोबर आपला त्याग शिंपडत होते. "आज गटाची फायनल आहे बरं का. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. सोडून दिली." लोक "हो का?" म्हणून कोट टांगायला जात. अख्ख्या वऱ्हाडात ब्रायर क्रीकचं नाव ऐकलेला एक माणूस सापडेना.

शेवटी त्यांनी शंतनूच्या आजीला गाठलं. सुमित्राबाई, वय ब्याऐंशी, दोन विमानं बदलून नागपूरहून आलेल्या, नऊवारीवर मुलाचं जाडजूड जॅकेट.

"आजी, आज मी सत्तावीस वर्षांचा रेकॉर्ड मोडला," खांबेटे म्हणाले.

"काऊन जी? काय केलं?"

"मॅच सोडून इथे थांबलो."

सुमित्राबाईंनी त्यांना फेट्यापासून मोज्यांपर्यंत न्याहाळलं. "पोरीच्या लग्नात थांबले?"

"हो."

"आमच्याकडे तर बाप थांबतोच," म्हातारी म्हणाली आणि चहा कुठे मिळतो ते विचारायला पुढे गेली.

त्यानंतर दारातलं शिंपण बंद पडलं. गुलाबदाणी विष्णूमामाच्या हातात देऊन खांबेटे आत गेले आणि जाताजाता मनगटावरचं घड्याळ सोडून बायकोच्या पर्समध्ये टाकलं.

गुरुजींनी त्या दिवशी एकही मंत्र गाळला नाही. अक्षता वेळेवर पडल्या, पण मग हार, फोटो, परत फोटो, आणि कन्यादानाला बसेस्तोवर एक वाजून गेला असावा. रुचाची ओंजळ शंतनूच्या ओंजळीवर आली. आसावरीबाई पाण्याची धार सोडत होत्या आणि रुचाच्या ओंजळीभोवती खांबेट्यांचे हात होते. रुचाचे हात बर्फासारखे गार होते. लहानपणी शाळेच्या बसमधून उतरली की असेच असायचे, पण तेव्हा ते हातात घ्यायला आसावरीबाई उभ्या असायच्या. शनिवारी तर हे घरी नसतच. खांबेट्यांची मान खाली गेली ती वर येईना.

"बाबा," रुचा हळूच म्हणाली, "स्कोअर काय?"

"माहीत नाही," ते म्हणाले, आणि तिच्या हातांभोवतीचे हात त्यांनी गुरुजी "सोडा आता" म्हणेपर्यंत काढले नाहीत. गुरुजींना दोनदा सांगावं लागलं.

गवे ती मॅच चौतीस-सहाने हरले. खांबेट्यांना ते रविवारी सकाळी पेपरात कळलं. मुलगी सासरी गेलेली, घरभर अक्षता सांडलेल्या. त्यांनी पेपर दोनदा वाचला, घडी घातली.

"आता गावभर सांगत फिरू नका, तुम्ही नव्हता म्हणून हरले," आसावरीबाई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी पद्मजाच्या नवऱ्याला अडवलं, आणि तेच सांगितलं.