आमेन होईपर्यंत

चष्मेवाले काका डोळे मिटून प्रार्थना करायचे, आणि त्यांनी डोळे मिटले की तरुण संघ पांगायचा.

हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं, एकट्या काकांना सोडून. चर्चमागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी ते गीत म्हणवून घ्यायचे, वचन वाचायचे आणि मग बजावायचे, "डोळे मिटा. आमेन होईपर्यंत कुणी उघडायचे नाहीत." मिटण्यात पहिला नंबर त्यांचाच. दिवसभर दुकानात दुसऱ्यांच्या नजरा तपासून शिणलेल्या त्या डोळ्यांना आतला अंधार मानवायचा. त्या अंधारातून ते लांब लांब जात: आजाऱ्यांकडे, परीक्षेला बसलेल्यांकडे, वादळात सापडलेल्या खलाशांकडे. गावापासून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर होता. तोवर पोरं चपला हातात घेऊन एकेक करून सटकत. काका परत येऊन डोळे उघडत तेव्हा समोर त्यांची भाची असे, आणि बाकी नुसत्या खुर्च्या; कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारख्या ऊबदार. काकांना वाटे, आज मुळातच कमी आले होते.

पोरांनी त्यांचं नाव 'आमेनकाका' ठेवलं होतं. जे कधी येत नाही त्याचं नाव.

शेवटी पाळकसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"शिवणवर्गाच्या बाईंना शनिवारी खोली हवी आहे. त्यांच्याकडे यायला बायका एका पायावर तयार आहेत. तुमच्याकडे कोण आहे?"

"भाची आहे."

"ती शिवणालाही जाईल. हे बघा, या शनिवारी खोली भरली तर तुमची. नाहीतर किल्ली त्यांना देऊन टाका."

काकांचा हात आपोआप खिशाकडे गेला. त्या किल्लीचे दात त्यांच्या अंगठ्याला पाठ होते. खोली गेली तर शनिवारची संध्याकाळ कुठे ठेवायची, हे त्यांना कळेना. त्यांना मूलबाळ नव्हतं. पण हे त्यांनी देवालाही कधी मोठ्याने सांगितलं नव्हतं. त्या मागण्याचा वेळ ते खलाशांना देत.

घरी आल्यावर भाचीनं त्यांचा फोन हातात घेतला आणि कपाळाला हात लावला.

"मामा, ग्रुपवर रोज पहाटे गुलाबाचं फूल आणि वचन टाकतोस, ते ठीक. पण खाली 'कृपया पोच द्यावी' कशाला?"

"मग मिळालं की नाही कसं कळणार?"

"सगळ्यांनी ग्रुप म्यूट केलाय. पोच कोण देणार? तू लाइव्ह कर. पोरं तिकडे असतात. बुधवारी पाच मिनिटं बोल, शनिवारी या म्हण, आणि संपव." मग तिनं जरा घुटमळून विचारलं, "आणि प्रार्थना गाळता येईल का?"

"प्रार्थना गाळायची?"

"मामा, रागावू नकोस. तू डोळे मिटलेस ना, की लोक निघून जातात. चपला हातात घेऊन. सगळे."

काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. दोन्ही काचा स्वच्छ होत्या.

"मोठी करणार नाही," एवढंच म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. फोन घसरे. हाताशी आलेलं एक कडक कार्ड त्यांनी पाचरीसारखं त्याच्याखाली सरकवलं. फोन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, मागे भिंतीवरचा क्रूस. भाचीनं शिकवून ठेवलेलं बटण दाबलं. पडद्यावर बघणाऱ्यांचा आकडा आला: तीन. काका बोलले, अडखळले, शनिवारचं आमंत्रण दिलं. मग सवय आडवी आली. "डोळे मिटा," म्हणाले आणि मिटले.

खलाशांपर्यंत पोचले नसतील, तोच काकू खोलीत आल्या. काकू इस्पितळात परिचारिका. रात्रपाळीला निघायची घाई, आणि फोनची त्यांना दिसत होती ती नुसती काळी पाठ.

"अहो, माझं ओळखपत्र पाहिलंत का?"

काकांना आठवलं, फोनखालचं ते कार्ड! पण आमेन झालं नव्हतं. मधेच डोळे उघडणं तर दूरच, देवाशी बोलताना बायकोशी बोलणंही त्यांच्या नियमात बसत नव्हतं. मग त्यांनी देवामार्फत उत्तर दिलं.

"हे स्वर्गीय पित्या, तुझ्या दासीला थोडा धीर दे."

"धीर नको, कार्ड हवंय. त्याशिवाय मला आत सोडत नाहीत."

"हे पित्या, तू सर्व जाणतोस. हरवलेलं कुठे आहे तेही तू जाणतोस."

"देवाला माहीत आहे हो. तुम्हाला माहीत आहे का?"

काकांना देवासमोर खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोललं तर फोन आडवा होणार होता. "हे दयाळू देवा, तुझ्या दासाने एखादी वस्तू चांगल्या कामासाठी घेतली असेल, तर तू क्षमा कर, आणि जिची आहे तिलाही क्षमेची बुद्धी दे."

"अस्सं!" काकू म्हणाल्या. "कुठे घातलंत?"

"साखर जिथे आहे, प्रभू, त्याच्या अलीकडे..."

काकूंनी कार्ड ओढलं. फोन उताणा पडला. पडद्यावर आधी छत आलं, मग वरून वाकलेला काकूंचा चेहरा.

"अगं बाई! ही मीच की! आणि हे बदाम कोण पाठवतंय?"

"आमेन," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत छोटी प्रार्थना होती, आणि तिच्यात माणसं वाढली होती. आकडा तिनावरून शंभरावर गेला होता.

काका त्या रात्री जेवले नाहीत. पोरं हसली म्हणजे देवाचं हसं झालं, आणि ते आपल्यामुळे. शुक्रवारी दुकानात गिऱ्हाईक नंबर काढायला बसलं आणि फळ्यावरची अक्षरं वाचायच्या जागी म्हणालं, "हे पित्या, खालची ओळ दिसत नाही." काकांनी किल्ली कागदात गुंडाळून ठेवली, शिवणवर्गाच्या बाईंना द्यायला.

शनिवारी ती कागदासकट घेऊन ते गेले, तर दाराबाहेर ही गर्दी. खोलीत खुर्च्या पुरेनात. पाळकसाहेब आणि शिवणाच्या बाई भिंतीला टेकून उभे.

"काका, काकू कुठे?" पहिला प्रश्न तोच.

"मागून येतेय. तुम्ही तिच्यासाठी आलात का?"

"दोघांसाठी," मागच्या रांगेतली मुलगी म्हणाली. "आमच्या घरी देवाशी असं कुणी बोलतच नाही. सगळे भाषण करतात."

काकू आल्या, दाराशीच बसल्या. गीत झालं, वचन झालं. काकांनी डोळे मिटले, आणि आतला तो जुना अंधार आज त्यांना परका वाटला. चपलांचा आवाज येतोय का? खुर्ची सरकली का? खलाशी आले आणि तसेच गेले. काकांना काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आमेनच्या आधी एक डोळा किलकिला केला.

सगळे होते. खुर्च्यांत, खिडकीत, जमिनीवर, मान खाली घालून, डोळे मिटून. उघडे होते फक्त काकूंचे, आणि ते सरळ त्यांच्याकडे बघत होते.

"हे पित्या," काकू शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या दासाला डोळे मिटायला सांग. कुणी जात नाही. आणि जरा आवरायलाही सांग, मला ड्युटी आहे."