शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत

मुलांनो, आज कुकरची नवी रिंग आणली. पिशवीतून काढताना रबराचा वास आला आणि मी देवपूरच्या घराच्या अंगणात जाऊन पोचले.

पहूरला माझे वडील, आबा, शेवटच्या अवस्थेत होते. आम्हाला लगेच निघायचं होतं. पण तुमच्या आजोबांनी आणि माझ्या दिरांनी, नानांनी, सासऱ्यांच्या वेळच्या गाडीला पुढच्या चाकांच्या सांध्यांत नवे रबरी बुश बसवले होते, आणि ती डावीकडे उंचच राहिली होती.

"भाऊ, गाडी जॅकवर लटकत असताना बोल्ट आवळलेत तुम्ही. रबर तसंच पिळून बसलं," नाना म्हणाले. "सगळे ढिले करा, चाकं जमिनीवर घ्या, वर वजन ठेवा, मग आवळा."

"वजन आता कुठून आणू?"

"वहिनी शे ना!"

मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. खालून पान्ह्यांचा आवाज येत होता. तेवढ्यात फोनवाल्या शेजारच्या अक्का फाटकाशी आल्या.

"पहूरहून फोन उना, बाई. आबा गयात."

पान्हे थांबले. मला रडू आलं नाही. हात मांडीवर होते, तिथेच राहिले.

"उतरता का, वहिनी?" नानांनी हळूच विचारलं.

"एक बोल्ट राहिलाय ना? तो आवळून घ्या आधी."

बाई मोठी धीराची, असं नंतर सगळे म्हणाले. तो धीर नव्हता, हे आज कळतं. तो बोल्ट आवळला जाईपर्यंत आम्ही अजून आबांना भेटायलाच निघालो होतो.