पुंगळीच्या तोंडावरची लाली

ड्राय फोर्कच्या रायफल क्लबात ऑरिन स्टेनबर्गइतका खडूस माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतक्या खात्रीच्या गोळ्या भरणाराही नव्हता. मोंटानातल्या धान्यकोठारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची उभी हयात गेली, त्यामुळे गव्हाच्या दाण्याएवढा फरकही त्याला सहन होत नसे. विकतच्या गोळीला तो हात लावायचा नाही. झाडलेली पितळी पुंगळी धुवायची, कडक झालेलं तिचं तोंड तावून मऊ करायचं, बुडात ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, दारू मोजून भरायची आणि वर गोळी बसवायची, हे सगळं स्वतःच्या हाताने. त्याचा मित्र ड्वेन कॉसग्रोव्ह याने तावायचं यंत्र आणलं, तेव्हा ऑरिन चारचौघांत म्हणाला होता, "छान आहे. सकाळी पावही भाजता येईल."

त्याची स्वतःची रीत साधी होती. भर दुपारी गॅरेजचं शटर ओढून अंधार करायचा आणि बर्नरच्या ज्योतीत पुंगळी फिरवत धरायची. तोंडावर लालीची पहिली चाहूल लागली की पुंगळी लगेच पाण्याच्या बादलीत. जरा जास्त धरली तर ताव बुडापर्यंत उतरतो. मऊ बूड बार उडताना दाबाने फाटू शकतं, आणि नेम धरणाऱ्याचा गाल तिथून चार बोटांवर असतो. नवख्यांना हे बजावता बजावता त्याची तीस वर्षं गेली होती.

आणि जुलैतल्या एका सकाळी टिकल्या बसवताना त्याच्या अंगठ्याला जोरच लागेना. टिकली आपोआप आत गेली. दुसरी, तिसरीही तशीच. जूनमध्ये तावलेल्या आणि सरावात एकदा झाडून आणलेल्या त्या साठच्या साठ पुंगळ्यांची बुडं सैल झाली होती. ऑरिन स्टुलावर मटकन बसला. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, शस्त्रक्रियेला ऑक्टोबरची तारीख दिली होती, आणि घरी येऊन तो म्हणाला होता, "काही विशेष नाही." भर उन्हात दुर्बिणीतून निशाण दिसत होतं, म्हणून त्याने स्वतःचीही समजूत घातली होती. पण अंधारातली ती पुसटशी लाली त्याला दिसलीच नव्हती. तो तिची वाट पाहत राहिला आणि पुंगळ्या नको तितक्या भाजत राहिल्या. आणि साठ वेळा त्याने स्वतःचा गाल तिथेच टेकवला होता.

बिघडलेली पुंगळी चेचूनच टाकायची, म्हणजे कुणाच्या हाती लागत नाही, असा क्लबाचा नियम. त्याने हातोडी घेतली. विसावी पुंगळी चपटी होईपर्यंत त्याची बायको लॉर्ना दारात येऊन उभी राहिली.

"कुणाचा राग काढतोयस त्यांच्यावर?"

"बाद झाल्यात."

"साठही?" तिने डब्यात डोकावून पाहिलं. "डोळे ना?"

ऑरिनने पुढची पुंगळी हातोडीखाली ठेवली.

"तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे वीस वर्षं केस रंगवायला येत होत्या. म्हणाल्या, बाई, त्याला एकट्याला गाडी चालवू देऊ नका. बाकी काही सांगितलं नाही त्यांनी. मला काय तेवढं कळत नाही?"

"शनिवारी सामना आहे," तो म्हणाला. "जुन्या चाळीस उरल्यात, पण तोंडं कडक झालीत. न तावता नेल्या तर गोळ्या रानोमाळ जातील. ड्वेनकडे मी जाणार नाही. त्यापेक्षा घरी बसेन." आयुष्यात एक गोष्ट आपल्याला नीट येते असं त्याला वाटत होतं, आणि तीच हातातून चालली होती.

लॉर्नाने शटर ओढलं. "पेटव तो बर्नर. चाळीस वर्षं बायकांच्या केसांचे रंग ओळखून पोट भरलंय मी. कुठली लाली हवी ती एकदा दाखव."

"दाखवता आली असती तर तुला कशाला बोलावलं असतं?"

"बोलावलंस कुठे? मीच आलेय. तोंडाने सांग."

त्याने सांगितलं. टाकाऊंपैकी दहा पुंगळ्यांवर सराव करून तिची नजर तयार झाली. मग खऱ्या चाळीस घेतल्या. तो पुंगळी फिरवायचा, ती म्हणायची "बास", आणि पुंगळी चुर्र करून पाण्यात. मध्ये एकदा त्याने विचारलं, "नक्की ना?" तेव्हा ती म्हणाली, "मला विचारत बसलास तर ही जळेल." त्यानंतर त्याने विचारलं नाही.

शनिवारी तो चौथा आला. ड्वेन निशाणाचा कागद बघून म्हणाला, "लेका, यंत्र घेतलंस की काय गुपचूप?"

"जुनंच आहे घरात," ऑरिन म्हणाला. "चालतं उत्तम, फक्त बोलतं फार." मागे घडीच्या खुर्चीवर सँडविच खात बसलेल्या लॉर्नाने त्याच्या पाठीत कोपर खुपसलं.

ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या तपासणीलाही लॉर्नाच त्याला गाडीतून घेऊन गेली, खोलीत शेजारी बसली, आणि दोन्ही डोळे आता लख्ख झाले, काही काळजी नको, हे डॉक्टरीणबाईंचं बोलणं दोघांनी मिळून ऐकलं.

नोव्हेंबरात पुन्हा पुंगळ्या काढल्या. शटर ओढलं. पहिल्याच पुंगळीच्या तोंडावर लाली उमटली, इतकी स्पष्ट की ऑरिनला क्षणभर भरून आलं. त्याच क्षणी लॉर्ना म्हणाली, "बास."

त्याने पुंगळी पाण्यात टाकली.

"आता दिसत असेल की तुला," ती म्हणाली.

"अजून नीट नाही. वेळ लागतो म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"हो, मीही ऐकलं ते," लॉर्ना म्हणाली, आणि स्टूल त्याच्याजवळ ओढून पुढच्या पुंगळीची वाट पाहत बसली.