वहिनीचे युरो कुठी ठेवाचे?

दोन महिन्याआधी एका मंगळवारी, दुपारी बारा वाजता, सिंदेवाहीतल्या सलीमभाईच्या एसटीडी बूथमधी उभ्या उभ्या मी जर्मन झालो... पुरे पंधरा मिनिटं.

गोष्ट अशी. माझी वहिनी बांबूचे लॅम्पशेड बनवते. आठ बाया, टिनाचं एक शेड, आणि कागदपत्राले मी, म्हणजे दहावीले दोनदा बसलेला माणूस. यंदा जर्मनीतल्या एका दुकानाची ऑर्डर आली, मंग अमेरिकेतल्या एका बाईची. दुकानवाला युरो देणार, अमेरिकावाली डॉलर.

आणि वहिनीले पाह्यजे होती बांबूच्या कामट्या, म्हणजे पातळ पट्ट्या, काढाची मशीन. ती बाहेरदेशातूनच येते, पैसे डॉलरमधीच द्या लागते. हातानं कामट्या काढून बायांचे बोटं फाटून राह्यले होते... आणि जर्मनीवाला म्हणे, एवढा माल दिवाळीच्या आधी देसान तरच पुढची ऑर्डर.

आमच्या जुन्या खात्यात बाहेरचे पैसे आले का सिद्धे रुपये होत. मंग मशीनसाठी रुपयाचे परत डॉलर करा. येतानी कट, जातानी कट... तेवढ्या कटापायीच मशीन हातची चालली होती. कर्ज घ्याले वहिनी तयार नाई. म्हणून असं खातं पाह्यजे होतं, जिथी युरो युरोच राहीन अन् डॉलर डॉलरच.

सोमवारी आमी दोघं चंद्रपुरात दोन बँका फिरलो. पहिल्या साहेबानं वहिनीचे हात पाह्यले, कुसांनी भरलेले, आणि म्हणे, "बचत गटाचं काउंटर तिकडे आहे." दुसऱ्यानं मान वर न करता सांगितलं, उद्या या.

वापस येतानी वहिनी बसमधी बोटातले कुसं काढत बसली. एरवी ते कंडक्टरलेही सुट्ट्या पैशावरून भाषण देते... त्या दिवशी सुट्टे तसेच सोडून देले. मले लय लागलं.

म्हणून मंगळवारी मी ठरवलं, आता गिऱ्हाईकच फोन करन. जर्मनीचं! म्हणजे मीच. सलीमभाईले सांगितलं तं तो म्हणे, "अबे मुन्ना, अंग्रेजी में दो बार फेल हुआ तू, जर्मन क्या खाक बनेगा?" मी म्हणलो, "जर्मनलेबी इंग्लिश येत नाई ना भाऊ, म्हणूनच तं बनून राह्यलो."

नाक दाबलं अन् पहिल्या बँकेत लावला. युरो ठेवता येईन? येस सर. डॉलर? येस सर. मले राहवलं नाई... विचारलं, टायगर ठेवता येईन? येस सर, नो प्रॉब्लेम सर! फक्त दर वेळी कट किती, हे विचारलं का साहेब खोकलत.

दुसऱ्या बँकेनं मले गाणं लावून देलं. बूथचा मीटर पळून राह्यला अन् सलीमभाई त्या गाण्यावर मान हालवून राह्यला. ठेवून देला मी.

चंद्रपुरातलीच तिसरी बँक आमी पाह्यलीच नोती. फोनवर एक बाई. त्यायनं माझं इंग्लिश शांतपणे पूर्ण ऐकून घेतलं. मंग एकदम मराठीत... "जेवण झालं का?"

"हाव बाई, आत्ताच झालं," मी बोलून गेलो.

आपल्याकडं हे कोणी विचारलं का तोंड आपोआपच उत्तर देते ना राजेहो... सलीमभाई पोट धरून खालीच बसला.

"काय भाजी होती मग जर्मनीत?"

"वांग्याची..."

बाई एवढ्या हासल्या का फोन माझ्या कानापासून दूर धरला मी. हासणं झालं अन् म्हणाल्या, "आता खरं सांग भाऊ. पैसे येणार कुठून, आणि जाणार कुठे?"

हा प्रश्न आमाले आतापर्यंत कोणीच विचारला नोता! मी सारं सांगितलं. वहिनी, कामट्या, मशीन, दिवाळी.

त्यायनं समजावलं... माल बाहेर पाठवणाऱ्यासाठी विदेशी चलनाचं खातं असते. डॉलरचं वेगळं, युरोचं वेगळं. कागद इथी भराचे, खातं नागपूरच्या शाखेत उघडन. आणि न विचारता सांगितलं, "व्याज मिळणार नाही. युरोचे डॉलर केले तर आम्हीही कट घेतो. म्हणून मशीनचे पैसे अमेरिकेच्या ऑर्डरमधूनच द्या, युरोला हात लावू नका."

शेवटी म्हणाल्या, "वहिनीला घेऊन ये. तू नाही आलास तरी चालेल."

वहिनीले हे समजलं तवा मले जे बोलणी बसली, ते इथी लिहता येत नाई. "पोलिसात देलं असतं तं भाऊजी? मी काय बांबू घेऊन सोडवाले आली असती?" पण गुरुवारी नवी साडी घालून तीच आधी तयार.

बँकेत बाईनं तिले खुर्ची देली, लॅम्पशेड हातात घेऊन उलटंपालटं करून पाह्यलं. अर्धा तास दोघी त्याच्यावरच बोलत बसल्या. मी फॉर्म भरत होतो, माझ्याकडं कोणी पाहूनही नाई राह्यलं.

अमेरिकेचे डॉलर आले, डॉलरच राह्यले, अन् तिथूनच मशीनले गेले. मधात एकबी कट नाई. शेडमधल्या बाया म्हणे, लोडशेडिंगमधी मशीन काय पूजाले ठेवाची? वहिनी म्हणे, लाईट असन तवा मशीन, नसन तवा तुमी.

खातं निवडतानी चार्ज पाहा, नियम पाहा, सारं पाहा. पण तुमचा तोटा कुठी हाय हे जो माणूस स्वतःहून सांगते ना, त्याच्याच टेबलापुढं बसा.

काल मशीनची पेटी जहाजात चढली म्हणून ईमेल आला, दिवाळीच्या लय आधी पोचन. वहिनीनं मले तो तीनदा वाचाले लावला. तिसऱ्यांदा वाचतानी ते नुसती हासत होती... बँकेतल्या बाई, तुमाले मनापासून थँक्यू. ते हासणं तुमाले दाखवाचं राहून गेलं.