जबडा सैल सोड

दिवसभरात ताई बोलायची चारच वाक्यं, पण तीच तीच. "डोळे मिटा. जबडा सैल सोडा. दातावर दात नको. आता उघडा." मेंदूचा आलेख काढायचं काम. माणसं बदलायची, वाक्यं नाही. संध्याकाळपर्यंत आवाजाचं पार चिपाड व्हायचं. घरी नवरा तक्रार सांगायला लागला की तिच्या तोंडून आपसूक निघायचं, "जबडा सैल सोडा," आणि लेक हसून लोळायची.

त्या दिवशी खुर्चीत तिचा धाकटा भाऊ होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात देखणा, लक्ष मात्र वाऱ्यावर. चष्मेवाल्याला पाटी हवी होती 'येथे डोळे तपासून मिळतील'. यानं मधला शब्दच खाल्ला. 'येथे डोळे मिळतील'! अख्खी गल्ली हसली, चष्मेवाल्यानं हाकललं. असा तो ठिकठिकाणांहून हाकललेला. चाळिशी आली तरी घरात त्याचं नाव 'धांदरट', आणि ते ठेवलेलं ताईनंच.

इथे त्याला आणलंही तिनंच. ज्यांचं लक्ष टिकत नाही अशा मोठ्या माणसांच्या मेंदूची हालचाल किती गुंतागुंतीची असते, ते डॉक्टरीणबाई मोजत होत्या. "चल, एका ठिकाणी तरी तुझ्यासारखीच माणसं हवी आहेत," ताई म्हणाली होती. तो नवा शर्ट घालून आला होता.

"रेघ एकसारखी वरखाली झाली, तर पुढे काय येणार ते ओळखता येतं," बाईंनी समजावलं. "ती किती ओळखता येत नाही, ते आम्ही आकड्यात मांडतो."

"म्हणजे माझ्या डोक्याचा भरवसा नाही, असंच ना? ते ताई फुकट सांगते."

"एका डोक्यावरून काही सिद्ध होत नाही हो. पुष्कळ लागतात."

ताईनं त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, भोकाभोकातून केसांत गार जेल सोडलं आणि पडद्यासमोर बसली. प्रत्येक सूचना देताना ती एक कळ दाबायची, म्हणजे रेघांवर त्या जागी खूण उमटायची.

"डोळे मिट. हलू नकोस."

कानशिलाजवळच्या रेघा काळ्याभोर, जाड झाल्या. गवतावर डांबर सांडावं तशा.

"दात चावतोयस."

"नाही गं."

"मग काय यंत्र खोटं बोलतं? जबडा सैल सोड म्हटलं ना!"

आणखी डांबर. तिनं तारा तपासल्या, जेल वाढवलं, पुन्हा बसली. तेच. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "नुसता कचरा येतोय. स्नायूंच्या गोंगाटात मेंदू दिसायचा कुठून? राहू दे, यांना वगळूया."

डोळे मिटलेलेच ठेवून तो हळूच म्हणाला, "ताई, इथूनही घालवणार का मला?"

काहीतरी करायचं म्हणून तिनं आलेख मागे सरकवला. रेघ बारीक, बारीक, मग खूण, आणि खुणेपाशी डांबर. पुन्हा बारीक. पुन्हा खूण. पुन्हा डांबर. सैल झालेली तार शोधत ती मघापासून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. तार धड होती.

प्रत्येक खुणेवर तिचा आवाज होता.

"बाई," ती उठली, "एकदाच आणखी. पण सूचना तुम्ही द्या."

"का?"

"माझा घसा बसलाय."

ती कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. बाईंनी सांगितलं, "डोळे मिटा." पडद्यावर रेघा थरथरल्या आणि हळूहळू बारीक झाल्या. कशाही, आपल्याच नादात, पण स्वच्छ. ताईला पाठ टेकायला भिंत मिळाली तेव्हा कळलं, आपण किती दमलोय ते. या एका दिवसाचं नाही. याला सरळ करता करता वर्षानुवर्षं साचलेलं.

"छान आलंय," बाई म्हणाल्या. "यांचं धरूया."

"धरलं मला?" त्यानं डोळे उघडून ताईकडे पाहिलं. तिनं मान डोलावली.

केस धुऊन, शर्ट भिजवून तो निघाला. ब्रशांची पिशवी खुर्चीखालीच राहिली. अर्थातच. ताईच्या जिभेवर 'अरे धांदरटा' आलं होतं. ते तिनं गिळलं, पिशवी उचलली आणि जड पायांनी जिना उतरली.

पाऊल ऐकून तो वळला. पिशवी पाहताच कानशिलावरची शीर टरारली.

"विसरलो ना?"

तिनं नुसती पिशवी पुढे केली. तो वाट बघत राहिला.

"काय गं, बोलत नाहीस?"

"दमलेय रे."

शीर खाली बसायला जरा वेळ लागला. तोवर ती तिथेच उभी राहिली.