एका बाईला दोन नवरे

उमरग्याच्या कोर्टासमोर टायपिंग करणाऱ्या एक ताई बसतात. मी वकील, माझे अर्ज त्याच टाइप करतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर टाइप करायच्या एडिटरमध्ये त्यांनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. जुन्या पक्षकाराचं नाव नव्या अर्जात चुकून राहिलं, की तो हुडकून काढतो. आधी त्याला चहा पिऊन होईस्तोवर वेळ लागायचा, म्हणून ताईंनी तो परत लिहिला.

"पहिलं अक्षरच जुळंना, तर पुढचं नाव कशाला वाचायचं?" म्हणाल्या. आता चुटकीसरशी होतं.

माणसांशीही त्यांचं तसंच. माझा पहिला शब्द ऐकूनच "कळलं" म्हणतात.

परवा घटस्फोटाचा अर्ज घेऊन गेलो. घाईत तो जुन्याच अर्जावरून बेतला होता. पक्षकार बाई शेजारी उभ्या होत्या. ताईंनी अर्ज टाइप केला, प्रोग्राम चालवला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"वकीलसाहेब, ह्या बाईला दोन नवरे लावलेत तुमी."

"एक सुटंना, दुसरा कुठनं आणला?" पक्षकार बाई ओरडल्या.

मी मान खाली घालून जुन्या अर्जातल्या नवऱ्याचं नाव खोडायला सांगितलं. ताई जराही हसल्या नाहीत.

"कोर्टात दिलेले तुमचे जुने अर्ज बी तपासू का? लई वेळ न्हाय लागायचा."

"नको, नको!" मी म्हणालो. पण त्यांचं बोट बटणावरच होतं.