चिंध्यांची अक्षरं शिवणारी आमची आक्का

माझा भाऊ सात वर्षांचा असताना शाळेनं त्याला ‘दगड’ म्हणून घरी पाठवलं.

त्या दगडाला शिकवणारी आमची आक्का काल येडशीला लिंगैक्य झाली. पंच्याण्णव वर्षांची होती.

एका बोटानं टाइप करतेय. चुका समजून घ्या.

निजामाचं राज्य होतं. आम्ही नळदुर्गचे लिंगायत. आप्पांचं बाजारात शिलाईचं दुकान. आई लवकर गेली. आक्का सोळाची, शिवू सातचा, मी सहाची. आक्काची चौथी झालेली, तेवढंच तिचं शिक्षण.

शिवूला पाटीवरचं अक्षर ओळखताच यायचं नाही. आज ‘ग’ शिकवला की उद्या कोरा. वर्षभर मार खाल्ला त्यानं. शेवटी मास्तर स्वतः दुकानात आले.

“ह्याच्या टाळक्यात काय शिरत न्हाय. मशिनीवर बसवा.”

आप्पांनी मान हलवली. आक्का आतून बाहेर आली.

“आप्पा, एक वरीस द्या मला. म्या शिकवते घरी.”

“आन तुझं लगीन? येडशीची मान्सं थांबतील व्हय?”

“थांबली तर थांबली.”

येडशीचं स्थळ चांगलं होतं. गावात लई बोलणी झाली. पण आप्पांनी निरोप धाडला, आणि ती माणसं थांबली.

आता खरं सांगते. पहिला महिना आक्कानंही मास्तरांचंच केलं. पाटी, घोकंपट्टी, दटावणी. एकदा तिनं कापड मोजायचा लाकडी गज त्याच्या बोटांवर मारला. शिवू रडला नाही. उभ्या उभ्या त्याची चड्डी ओली झाली.

आक्का चुलीपुढं जाऊन बसली. त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाटी बंद. पंधरा दिवस तिनं त्याला काहीच शिकवलं नाही. नुसतं बघत बसली, हा पोरगा करतो काय.

तिला दिसलं ते असं. आप्पांनी बाही कापली की शिवू ती डोळे मिटून चाचपायचा. मग तशीच्या तशी दुसरी कापायचा. हाताखालून गेलेली गोष्ट तो विसरत नव्हता.

मग तिनं चिंध्या घेतल्या. हातभर मोठी अक्षरं कापून गोणपाटावर शिवली. क खणाचा, ग मांजरपाटाचा.

“डोळे मीट. हात फिरव. काय हाय?”

“ग.”

दुसऱ्या दिवशीही ग. आठवड्यानंतरही ग!

आणि मी? मी एका जागी बसतच नव्हते. मला तिनं बसवलंही नाही. बोरी नदीवर धुणं घेऊन जाताना पाढे म्हणायचे, पावलागणिक एक आकडा. चुकलं की दहा पावलं मागं. अजूनही एकोणतीसचा पाढा विचारा मला.

एक अडचण होती. मुलांच्या शाळेत पुढच्या वर्गात उर्दू लागायचं. आक्का मुलींच्या शाळेत शिकलेली, तिला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. शेजारी राबिया खाला राहायची. आक्का तिच्याकडं गेली, म्हणाली, “खाला, आधी मला शिकवा.” आक्का सकाळी शिकायची, दुपारी आम्हाला शिकवायची. खालानं तर दोऱ्याचे अलिफ, बे टाचून दिले. शिवूनं ते मराठीपेक्षा लवकर उचलले.

खाला म्हणाली, “देख गे, इसके आँखां हातां में हैं!”

नातसून म्हणते, त्याला डिस्लेक्सिया असणार. असेल बाई. आक्काला तो शब्द माहीत नव्हता, पोरगा माहीत होता.

वर्ष संपलं. आक्का शिवूला घेऊन मोठ्या मास्तरांकडं गेली. मीही तिचा पदर धरून गेले. परीक्षेत उतरला तरच पुन्हा शाळेत घेणार होते.

मास्तरांनी पाटी पुढं केली. शिवू थिजला. एक मिनिट, दोन मिनिटं. मास्तर पाटी परत घ्यायला लागले.

आक्का दारातून म्हणाली, “मास्तर, त्याला डोळे मिटू द्या.”

“डोळे मिटून कोन लिहितं?”

“आमचा शिवू लिहितो.”

शिवूनं डोळे मिटले. मांडीवर बोटानं अक्षर काढलं, मग डोळे उघडून पाटीवर. पुन्हा मांडीवर, पुन्हा पाटीवर. सांगितलेली तीन वाक्यं लिहिली. मग उर्दूचं पुस्तक ओळीखाली बोट ठेवून वाचलं. सावकाश, पण वाचलं.

मास्तरांनी विचारलं, “कोणत्या मास्तरांकडं होतास?”

“आक्काकडं.”

मास्तरांनी आक्काकडं पाहिलं. रजिस्टर ओढलं आणि नाव लिहिलं.

वाटेत आक्का इतकी भराभर चालत होती की आम्हाला पळावं लागलं. घरी येऊन मग रडली.

पुढं रझाकारांच्या गडबडीचे दिवस आले, शाळा महिनोन्‌महिने बंद. आमची घरची शाळा एक दिवस बंद नव्हती. खालाही येतच राहिली.

मग आक्का लग्न होऊन येडशीला गेली. शिवू पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन झाला, जन्मभर नकाशे काढले त्यानं. तो गेला तेव्हा आक्का म्हणाली होती, “माझा पहिला विद्यार्थी गेला.” मी दुसरी. मी कधीच शाळेत गेले नाही, तरी सातवीची परीक्षा बाहेरून दिली आणि पस्तीस वर्षं बालवाडी चालवली. एकाही पोरावर हात उचलला नाही.

काल येडशीला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी माणसं मला अनोळखी. एक पन्नाशीचा ट्रॅक्टरवाला कोपऱ्यात उभा राहून हुंदके देत होता. मी विचारलं, “तुम्ही कोण?”

म्हणाला, “शाळेत माझं जमलं न्हाय, आज्जी. मला इथं वाचाय आलं.”

आक्का, तुझी पोरं सगळी आली होती गं.

शरणु शरणार्थी.